हरायचं कोणी? मार्व्हल आणि डीसी यांच्या १९९६ सालच्या झुंजी

आज आपण एका विचित्र अडचणीबद्दल बोलणार आहोत. दोन सुपरहिरो समोरासमोर उभे केले की कोणीतरी हरायला हवं. पण ते दोघे दोन वेगळ्या कंपन्यांच्या मालकीचे असतील, तर हरायचं कोणी?

१९७६ साली सुपरमॅन आणि स्पायडरमॅन पहिल्यांदा एका पुस्तकात भिडले, तेव्हा डीसी आणि मार्व्हलने पळवाट काढली होती. आधी गैरसमज, मग मारामारी, मग दोस्ती. आता सुपरमॅनपुढे स्पायडरमॅन टिकणार कसा? तर खलनायक लेक्स लूथर गुपचूप त्याच्यावर एक किरण सोडतो, त्याची ताकद तेवढ्यापुरती वाढते, आणि तो असर उतरल्यावर दोघे बोलायला लागतात. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात ना, तसलाच प्रकार.

वीस वर्षांनी ही पळवाट चालण्यासारखी नव्हती. कॉमिक्सचा धंदा खाली येत होता. १९९६च्या डिसेंबरात तर मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. वाचकाला दुकानात आणायचं तर खरा निकाल द्यावा लागणार होता. म्हणून चार अंकांची मालिका ठरली. पहिला आणि चौथा अंक डीसीने काढला, मधले दोन मार्व्हलने, आणि ज्याचा अंक त्याचं नाव शीर्षकात आधी. इतकी काटेकोर वाटणी! लेखक रॉन मार्झ आणि पीटर डेव्हिड.

एकूण झुंजी अकरा. त्यातल्या सहांचा निकाल लेखकांनी ठरवला आणि तो ३-३ असा लागला. योगायोग म्हणायला आमची जीभ रेटत नाही. उरलेल्या पाच मोठ्या झुंजींचा कौल मात्र वाचकांकडे सोपवला. पराभवाची जबाबदारी कोणत्याच कंपनीवर राहिली नाही.

पण मतं ताकदीला पडत नाहीत, लोकप्रियतेला पडतात. सुपरमॅनने हल्कला आणि स्पायडरमॅनने सुपरबॉयला हरवलं, हे पचण्यासारखं होतं. लोबो मात्र सुपरमॅनशी झुंजू शकणारा परग्रहवासी, आणि त्याच्यासमोर वुल्व्हरिन. त्या काळात एक्स-मेनची चलती होती. मतं वुल्व्हरिनला गेली. आता हा निकाल चित्रात दाखवायचा कसा? तर दोघे भांडतभांडत दारूच्या गुत्त्याच्या काउंटरमागे जातात, आणि वर येतो तो वुल्व्हरिन. मधलं काही दिसतच नाही. कारण सापडलं नाही म्हणून लेखकांनी ते काउंटरमागे लपवलं, असं आम्हाला वाटतं.

वंडर वुमनची गोष्ट वेगळी. थॉरचा हातोडा तिच्या हाती लागतो, आणि तो पेलण्याची पात्रताही तिच्यात असते. पण स्टॉर्मशी लढण्याआधी ती तो बाजूला ठेवते, कारण लढत बरोबरीची हवी. मग स्टॉर्मच्या विजा तिला आडवं करतात. मतांनी लादलेला पराभव लेखकांनी इथे तिच्या स्वभावातून आणला, म्हणून तो वाचताना बोचतो. हातोडा ठेवला नसता तर, असं मनात येतंच.

आणि बॅटमॅन विरुद्ध कॅप्टन अमेरिका! आमच्या मते सगळ्यात नीट जमलेली झुंज हीच. दोघेही माणसं, दोघेही कसलेले. गटारात बराच वेळ लढूनही कोणी कोणाला भारी पडत नाही. शेवटी पाण्याचा लोंढा येतो, बॅटमॅनने फेकलेलं हत्यार कॅप्टनला लागतं, आणि तो वाहून जाऊ नये म्हणून बॅटमॅनच त्याला बाहेर काढतो. निकाल लागला, पण कोणाची इज्जत गेली नाही.

हिशेब असा झाला: वाचकांच्या कौलात मार्व्हल ३, डीसी २, सगळे मिळून ६-५. कथेची अट अशी होती की ज्या बाजूचे वीर हरतील ते विश्वच नष्ट होणार. ते अर्थातच दोन्ही कंपन्यांना परवडणारं नव्हतं! म्हणून तिसऱ्या अंकाच्या शेवटी दोन्ही विश्वं एकमेकांत मिसळली, आणि त्या मिश्र जगाचे बारा वेगळे अंक बाजारात आले. त्यात बॅटमॅन आणि वुल्व्हरिन मिळून एकच वीर झाला, डार्क क्लॉ. मग चौथ्या अंकात विश्वं पुन्हा वेगळी झाली, आणि डीसीचे वीर हरूनही आपापल्या मासिकांत परतले.