प्रशिक्षकाच्या शब्दाचीही उलटतपासणी हवी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर भल्या पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतात. त्यांतली बहुसंख्य भूमिहीन, अल्पभूधारक आणि कष्टकऱ्यांच्या घरांतली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. काही सेकंदांवर नोकरी आणि त्या नोकरीवर अख्खे घर. अशा मैदानावर ज्याच्या हातात शिट्टी, त्याचा शब्द म्हणजे कायदा. पाय दुखतोय म्हटले की 'नाटके करू नकोस' हे उत्तर ठरलेले. हा शब्द कोणत्या पुराव्यावर उभा आहे, असे विचारण्याची सोय नाही. आपल्या देशात १९८५ पासून क्रीडा प्रशिक्षकांना जो राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो, त्याचे नावच द्रोणाचार्य आहे. शिष्याचा अंगठा कापून घेणारा गुरू जिथे आदर्श, तिथे शिष्याने प्रश्न विचारायचा कसा?

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १९७५ साली तुरुंगव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की छावणी, शाळा आणि कारखाना वेळापत्रक, रांगा आणि सततची नजर यांच्या बळावर आज्ञाधारक शरीरे घडवतात. लांब पल्ल्याच्या धावण्याचे प्रशिक्षण याहून वेगळे काय आहे? १९७९ साली ल्योतार यांनी महाकथनांवरचा अविश्वास हे उत्तर-आधुनिक काळाचे लक्षण म्हणून सांगितले. महाकथन म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने मोजणारी आणि स्वतःला प्रश्नातीत समजणारी कहाणी. क्रीडाक्षेत्र अशा कहाण्यांनी भरलेले आहे.

पहिली कहाणी स्त्रीच्या शरीराची. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच ८०० मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडके यांनी २ मिनिटे १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. परंतु धावपटू कोसळल्याची अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांनी छापली आणि स्त्रियांना हे अंतर झेपत नाही असा निवाडा झाला. ही शर्यत ऑलिंपिकमध्ये परतली ती १९६० साली. त्याच १९६० मध्ये रोमला इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी धावले आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकले. २००३ साली पॉला रॅडक्लिफ यांनी तेच अंतर २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत पार केले. फरक फक्त ९ सेकंदांचा! आज भरतीच्या मैदानावर आपल्या मुली धावतात ते हेच ८०० मीटर.

दुसरी कहाणी जन्माची. केनियाचा धावपटू जिंकला की त्याच्या रक्तातच ते आहे असे म्हणायचे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तर आदिवासी मुळातच काटक म्हणून मोकळे व्हायचे. वर्षानुवर्षांचा सराव या एका शब्दात पुसला जातो. जन्मावरून गुण ठरवण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

तिसरी कहाणी विज्ञानाच्याच नावाने चालते. २२० मधून वय वजा करा, तेवढे हृदयाचे कमाल ठोके, हे सूत्र १९७१ पासून रूढ आहे. ते निरनिराळ्या अभ्यासांतल्या आकड्यांमधून ओढलेली एक ढोबळ रेषा आहे. वीस वर्षांच्या मुलाचे कमाल ठोके २०० ऐवजी १८८ किंवा २१२ असणे अगदी सामान्य आहे. त्याच्यावर २०० चा आकडा लादला, तर तो आकडा त्याला आळशी तरी ठरवील किंवा आजारी तरी पाडील.

मात्र इथेच सावध राहिले पाहिजे. सगळीच सत्ये सारखी, विज्ञान हीसुद्धा एक कहाणीच, असे म्हणणारे उत्तर-आधुनिकतावादीही आहेत. १९९६ साली भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांनी मुद्दाम लिहिलेला निरर्थक लेख या वर्तुळातल्या एका नियतकालिकाने छापला आणि या पोकळ पांडित्याचे पितळ उघडे पडले. न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर उलटतपासणी झाली नाही तर साक्ष ही नुसती बडबड. पण पुरावाच नसेल तर उलटतपासणीतूनही न्याय मिळत नाही. उत्तर-आधुनिक विचार प्रश्न विचारायला शिकवतो. त्याचे उत्तर मोजमापातूनच काढावे लागते.

पाण्याचे उदाहरण घ्या. तहान लागण्याआधी प्या, पोटात मावेल तेवढे प्या, असा सल्ला धावपटूंना वर्षानुवर्षे दिला गेला आणि क्रीडापेयांच्या जाहिरातींनी तो घरोघरी नेला. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. १३ टक्के धावपटूंच्या रक्तातले सोडियम घातक पद्धतीने किंवा धोक्याच्या दिशेने घसरलेले आढळले, आणि त्याचे मोठे कारण अती पाणी पिणे हे होते. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सल्ला बदलला तो रक्ताच्या चाचणीमुळे, कोणाच्या अधिकारामुळे नव्हे. आणि पाणी पिऊच नका, हा उलट टोकाचा हुकूमही तितकाच अवैज्ञानिक आहे.

आपल्याकडे याची किंमत जिवाने मोजली गेली आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले. त्यानंतर अंतर कमी केले गेले. म्हणजे नियम बदलता येत होता. तो आधी तपासला गेला नव्हता.

मग करायचे काय? प्रत्येक धावपटूची वही असावी. सकाळचे नाडीचे ठोके, झोप, जेवण, दुखणे आणि कालचे धावणे त्यात लिहिले जावे. सरावात एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याचा परिणाम वहीत पाहावा. एकच सराव दिला तरी प्रत्येकाचे शरीर सारखा प्रतिसाद देत नाही, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. मुलीची पाळी बंद झाली तर ते तयारी चांगली झाल्याचे लक्षण समजू नये. पोटाला कमी आणि श्रम जास्त, असे झाले की पाळी थांबते आणि हाडे कमकुवत होतात, असा इशारा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये दिला आहे. ज्या घरात दूध-अंडी रोज येत नाहीत, तिथे हा इशारा अधिकच लागू पडतो.

वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. भरतीच्या वर्गाला मुलांना पाठवताना फी किती, एवढेच विचारू नये. इथे दुखणे सांगितले तर काय होते, नोंद ठेवली जाते का, उन्हात पाणी मिळते का, हेही विचारावे. ज्या प्रशिक्षकाला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याकडे आपली मुले सोपवू नयेत.