बॉक्सरचं नाक आणि अकोल्याचा कूलर

25 मे 2024 रोजी अकोला जिल्ह्यात कलम 144 लागलं, तेही दंगलीमुळे नव्हे, उन्हामुळे. पारा 45 अंशांच्या पुढे गेला होता. अशा मुलखात कुणी हौसेनं बॉक्सर जातीचा कुत्रा आणला, की आधी त्याचं नाक पाहावं.

ही जात म्युनिकची. शिकारीत रानडुकराला धरून ठेवणारा जर्मन बुलेनबायसर आणि इंग्लिश बुलडॉग यांच्या संकरातून ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडली. दिसायला पहिलवान, वागायला पोर. दोन-तीन वर्षांचा झाला तरी घरच्यांच्या अंगावर उड्या मारणं सुटत नाही. कुत्र्याचा जनुकसंच 2005 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, तो टाशा नावाच्या बॉक्सर मादीचा. 60 जातींची 120 कुत्री तपासून बॉक्सर निवडला गेला, कारण त्याच्यात जनुकीय वैविध्य कमी, म्हणजे वाचायला सोपा! विक्रेते ज्याला ‘शुद्ध रक्त’ म्हणतात, ती खरं तर ही टंचाई.

आता नाक. अमरावती-अकोल्यात कूलरचं शास्त्र कुणाला शिकवावं लागत नाही. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून हवा आत येते, पाणी उडतं, गारवा मिळतो. कुत्र्याच्या नाकातही अशाच ताट्या असतात: पातळ हाडांच्या गुंडाळ्यांवर ताणलेली ओली त्वचा. क्नुट श्मिट-नील्सन या प्राणिशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह 1970 मध्ये दाखवून दिलं, की धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकानं आत घेतो आणि बरीचशी तोंडानं सोडतो. लोंबणारी जीभ सगळ्यांना दिसते. नाकाचं श्रेय मात्र कुणी देत नाही.

बॉक्सरचं मुस्कट आखूड करताना माणसानं नेमकी ताट्यांची जागा कापली. पंखा तोच, ताटी छोटी. ब्रिटनमधल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्यम नाकाच्या कुत्र्यांपेक्षा चपट्या नाकाच्यांमध्ये उष्माघाताची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. आणि तो ब्रिटनचा उन्हाळा!

वऱ्हाडातल्या मे महिन्याची हवा कोरडी असते, एवढाच दिलासा. पाणी झटपट उडतं. पण खिडक्या लावून कूलर सुरू केला, की खोली दमट होते आणि कूलर व कुत्रा दोघेही हतबल होतात. तेव्हा बॉक्सरला फिरवायचं ते उजाडण्याआधी, आणि कूलर चालू असताना एक खिडकी उघडी ठेवा.