मोटारीने घडविलेले, मोटारीने विसकटलेले शहर

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉईट हे शहर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारउद्योगाची राजधानी म्हणून जगभर विख्यात झाले आणि त्याच शतकाच्या अखेरीस ओसाड इमारतींचे शहर म्हणूनही तितकेच परिचित झाले. १९५० मध्ये तेथे साडेअठरा लाख लोक राहत होते; २०२० च्या जनगणनेत ही संख्या सुमारे ६ लाख ३९ हजारांवर आली. वैभव आणि विपत्ती या दोहोंची साक्ष आज तेथील वास्तूच देतात.

या शहराला उद्ध्वस्ततेचा अनुभव नवा नाही. १७०१ मध्ये फ्रेंचांनी वसविलेले हे ठाणे जून १८०५ मधील आगीत जवळजवळ पूर्णपणे भस्मसात झाले. ‘आम्ही अधिक चांगल्याची आशा करतो, हे राखेतून पुन्हा उभे राहील’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य शहराने पुढे स्वीकारले, ते याच आगीच्या आठवणीतून.

कारखान्यांचे शिल्पकार

मोटारयुगातील डेट्रॉईटला आकार देणाऱ्यांमध्ये अल्बर्ट कान या वास्तुविशारदाचे नाव अग्रभागी आहे. त्या काळचे कारखाने लाकडी तुळयांचे, काळोखे आणि आगीला सहज बळी पडणारे असत. कान यांनी १९०५ मध्ये पॅकार्ड कंपनीच्या एका इमारतीसाठी सळईबंद काँक्रिटचा वापर केला. त्यामुळे खांबांमधील अंतर वाढले, भिंतींवरील भार कमी झाला आणि तेथे मोठमोठ्या खिडक्या बसविणे शक्य झाले. कान यांनीच रचलेल्या हायलंड पार्क येथील फोर्डच्या कारखान्यात १९१३ मध्ये मोटारजोडणीची सरकती साखळी सुरू झाली आणि औद्योगिक उत्पादनाची रीतच पालटली.

उद्योगातून आलेला पैसा मग गगनचुंबी इमारतींत दिसू लागला. मोटारींचे सांगाडे बनविणाऱ्या फिशर बंधूंसाठी कान यांनीच १९२८ मध्ये संगमरवराने नटलेली फिशर बिल्डिंग उभारली. १९२९ मध्ये वर्ट रोलंड यांच्या कल्पनेतून नारिंगी विटांची, रंगीत फरश्यांनी सजलेली गार्डियन बिल्डिंग पूर्ण झाली. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९३२-३३ मध्ये शहराच्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर यंत्रे आणि कामगार यांचेच महाकाव्य रंगविले.

ऱ्हासाची बीजे

ऱ्हासाची बीजेही या वैभवातच होती. मोटारीमुळे दूर उपनगरात राहणे सुलभ झाले. कारखान्यांनाही एकमजली, विस्तीर्ण जागा हवी होती. ती शहराबाहेर मिळत होती. महामार्गांसाठी आणि ‘नगर-नवीकरणा’साठी ब्लॅक बॉटम व पॅराडाइज व्हॅली या कृष्णवर्णीयांच्या गजबजलेल्या वस्त्या पाडण्यात आल्या. १९६७ च्या दंगलीने आधीच सुरू झालेल्या स्थलांतराला आणखी वेग दिला. रहिवासी गेले, त्यांच्याबरोबर करही गेला आणि रिकाम्या इमारती सांभाळण्याची ऐपत शहरात उरली नाही.

याचे बोलके उदाहरण म्हणजे मिशिगन थिएटर. हेन्री फोर्ड यांनी १८९६ मध्ये ज्या जागेवरील छोट्या कार्यशाळेत आपली पहिली गाडी तयार केली, तेथेच १९२६ मध्ये हे भव्य नाट्यगृह उभे राहिले. प्रेक्षक ओसरल्यावर ते १९७६ मध्ये बंद पडले. ते पाडल्यास शेजारच्या कार्यालयाच्या इमारतीला धोका होता. म्हणून आतील भाग पोखरून तेथे वाहनतळ करण्यात आला. नक्षीदार छताखाली मोटारी उभ्या राहू लागल्या!

दोन वास्तू, दोन दैवे

मिशिगन सेंट्रल हे रेल्वेस्थानक १९१३ च्या डिसेंबरात सुरू झाले. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाशी निगडित असलेल्या वास्तुविशारदांनीच त्याचा आराखडा केला होता. १८ मजल्यांचा कार्यालयीन मनोरा हे त्याचे वैशिष्ट्य. ते शहराच्या मध्यभागापासून दूर होते आणि प्रवाशांची भिस्त ट्रामवर होती. ट्राम गेल्या, प्रवासी मोटारीकडे वळले आणि जानेवारी १९८८ मध्ये शेवटची गाडी सुटली. त्यानंतर तांब्याच्या तारांपासून सजावटीच्या वस्तूंपर्यंत सारे लुटले गेले. २००९ मध्ये नगरपरिषदेने ते पाडण्याचा ठरावही केला; परंतु तो अमलात आला नाही. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ही वास्तू विकत घेतली आणि दीर्घ जीर्णोद्धारानंतर जून २०२४ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. ज्या उद्योगाने स्थानकाचे प्रवासी नेले, त्यानेच त्याला जीवदान दिले, हा नियतीचा खेळच म्हणावा लागेल.

पॅकार्ड कारखान्याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १९५० च्या दशकात तेथील मोटारनिर्मिती थांबली आणि पुढील अनेक दशके तो ढासळत राहिला. २०२२ पासून पाडकाम सुरू झाले व २०२४ च्या अखेरीस बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. हडसन्स या प्रख्यात दुकानाची इमारत तर १९९८ मध्येच स्फोटांनी पाडण्यात आली होती. त्या जागी आता नवी उंच इमारत उभी आहे.

स्थापत्यमूल्य दोहोंकडे होते. पॅकार्डचे तर तंत्रदृष्ट्या कदाचित अधिकच. फरक पडला तो मालक, भांडवल आणि नवा उपयोग यांच्या उपलब्धतेमुळे. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा कलासंग्रहालयातील चित्रे विकून देणी फेडावीत, अशी मागणी पुढे आली होती. धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी निधी उभारून चित्रे वाचविली आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वेतनातील कपातही सौम्य केली. वारसा आणि माणसे यांपैकी एकाचीच निवड करावी लागते असे नाही, हे त्या तडजोडीने दाखवून दिले. मात्र त्यासाठी कोणीतरी वेळेवर पुढे यावे लागते. केवळ सौंदर्याच्या बळावर कोणतीही इमारत तग धरत नाही, हाच डेट्रॉईटचा धडा आहे.