२० सेलची ओळ आणि मराठी मजकूर

‘महाराष्ट्र’ हा शब्द ब्रेलमध्ये १० सेल, म्हणजे उठावदार टिंबांच्या १० चौकटी, घेतो. म, ह, आ, र, आ. मग हलन्ताचे चिन्ह आणि ष, पुन्हा हलन्त आणि ट, शेवटी र. छपाईत एकमेकांत मिसळून जाणारी जोडाक्षरे भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये सुटी होऊन ओळीने बसतात. ‘स्वातंत्र्य’ला तर ११ सेल लागतात. बाजारात त्यातल्या त्यात परवडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ब्रेल वाचनयंत्रांची अख्खी ओळ २० सेलची असते. म्हणजे हे दोन शब्द तिच्यात शेजारी-शेजारी मावत नाहीत. दुसरा शब्द पुढच्या ओळीवर जातो आणि निम्मी ओळ रिकामी राहते. इंग्रजी वाचणाऱ्याला संक्षिप्त ब्रेलची सोय आहे. ‘द’, ‘अँड’ यांसारख्या शब्दांना तिथे एकेक सेल पुरतो. मराठीत तशी सोय रुळलेली नाही. यंत्रांची माहितीपत्रके मात्र इंग्रजी वाचकासाठीच लिहिलेली असतात, आणि मराठी मुलासाठी यंत्र घ्यायला निघालेले पालक, शाळा नि देणगीदार त्यांच्यावरच विसंबतात.

फोन सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेल हवेच कशाला, असे हल्ली सहज विचारले जाते. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात. बोटाला नाही. ऱ्हस्व वेलांटी म्हणजे २ आणि ४ क्रमांकांची टिंबे, दीर्घ म्हणजे ३ आणि ५. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला शुद्धलेखन दुसऱ्या कुणी तरी सांगावे लागते; वाचणाऱ्याच्या ते बोटांत बसते. गणिताची मांडणी, कवितेची ओळ कुठे तुटते, हेही ऐकून पुरते कळत नाही. कागदी ब्रेल याला उत्तम, पण त्याचा पसारा मोठा: एका छापील कादंबरीचे कितीतरी जाड खंड होतात. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेव्हा मराठीत बोटांनी वाचायला ताजे असे फारसे काही नव्हते. आज २०१६ पासूनच्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयातून भारतीय भाषांतली पुस्तके फाईलच्या रूपात मिळतात. ती बोटांपर्यंत नेणारे यंत्र हवे.

हे यंत्र महाग का, ते त्याच्या पोटात पाहिले की कळते. बहुतेक यंत्रांच्या प्रत्येक सेलमध्ये ८ बारीक पिना असतात. प्रत्येक पिनेला पिझोइलेक्ट्रिक पदार्थाची स्वतंत्र पट्टी. तिला सुमारे २०० व्होल्टचा दाब मिळाला की ती किंचित वाकते आणि पीन अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वर येते. ४० सेल म्हणजे अशा ३२० पट्ट्या, सगळ्या सारख्याच उंचीला उचलणाऱ्या. हे सेल बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच. जपानची केजीएस त्यांतली प्रमुख. ‘फोकस ४० ब्लू’ किंवा ‘ब्रेलियंट बीआय ४०एक्स’ या ४० सेलच्या यंत्रांची अमेरिकेतली किंमत ३,००० डॉलरच्या घरात जाते, ती यामुळे.

या किमतीला पहिला मोठा छेद ‘ऑर्बिट रीडर २०’ने दिला. अनेक देशांतल्या अंधांसाठीच्या संस्थांनी एकत्र येऊन, पिझो पट्ट्या टाळणारे दुसरे तंत्र वापरून, ते घडवून घेतले. त्याची टिंबे घट्ट उभी राहतात, कागदावरच्या चांगल्या ब्रेलसारखी लागतात. मात्र ओळ बदलताना क्षणभर थांबावे लागते आणि खडखड ऐकू येते. आपल्याकडे इनोव्हिजनने ‘ब्रेल मी’ आणले, आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने २०१९ मध्ये ‘डॉटबुक’ आले. ‘ब्रेल मी’च्या सेलमध्ये ६ टिंबे आहेत, ८ नाहीत. संगणकाच्या कामात ही उणीव जाणवेल. पण मराठी ब्रेल सहाच टिंबांचे आहे, त्यामुळे केवळ मराठी पुस्तके वाचणाऱ्याने एवढ्यासाठी यंत्र नाकारू नये.

खरी मेख सॉफ्टवेअरमध्ये आहे. संगणकाला जोडून वापरायचे तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे आणि तो वापरत असलेल्या लिबलुई या ब्रेल-रूपांतर प्रणालीत मराठीचा तक्ता आहे. यंत्र एकटेच वापरायचे, मेमरी कार्डात पुस्तक भरून बाकावर बसून वाचायचे, तर प्रश्न बदलतो. त्याला मराठी युनिकोड फाईल थेट उलगडता येते, की आधी ब्रेलमध्ये रूपांतर केलेली बीआरएफ फाईलच लागते? दुसरे असेल तर दर पुस्तकामागे कुणा तरी डोळसाची किंवा संगणकाची मदत लागणार. विक्रेत्याला तोंडी विचारून भागत नाही. ‘स्त्री’, ‘ऱ्हस्व’, ‘वाङ्मय’, ‘दुःख’ असे शब्द असलेली फाईल सोबत न्यावी, यंत्रात घालावी आणि ब्रेल जाणणाऱ्याच्या बोटाखाली द्यावी. एका पानात निकाल लागतो.

माझे मत असे: शाळकरी मुलाला पुस्तके वाचायला आणि टिपणे काढायला २० सेल पुरतात, ओळ सतत पुढे ढकलावी लागली तरीही. बँकेत, कचेरीत, अनुवादात किंवा प्रोग्रॅमिंगमध्ये दिवसभर संगणकावर काम करणाऱ्याला ४० सेल हवेत, आणि प्रत्येक सेलवर कर्सर नेमका तिथे आणणारे बटणही हवे. तिथे पैसे वाचवणे म्हणजे रोजच्या कामाचा वेग गमावणे. ९ ओळींचे ‘कॅन्यूट ३६०’ आणि १० ओळींचे, आकृत्याही दाखवणारे ‘मोनार्क’ पाहून मन हरखते, भूमितीसाठी तर अशा आकृत्या ही खरी गरज आहे. पण ‘मोनार्क’ची किंमत एकट्या कुटुंबाला झेपणारी नाही, ते शाळांनी मिळून घ्यावे.

दुरुस्तीचेही आधीच विचारून ठेवावे. बोटांचा घाम आणि धूळ पिनांच्या भोकांत साचते. हात धुऊनच वाचायची सवय लावली तरी कधी ना कधी सेल साफ करावे लागतात. ते काम भारतात होते की यंत्र परदेशी धाडायचे, याचे उत्तर लेखी घ्यावे.

या दिवाळीत कुणी मंडळ वा कंपनी अशी यंत्रे भेट देणार असेल, तर एक विनंती. घाऊक खरेदी करून समारंभात वाटू नका. आधी मुंबईत वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये, सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या दृष्टिबाधितांच्या केंद्रात किंवा आपल्या गावच्या अंधशाळेत चौकशी करा. दोन-तीन यंत्रे मागवा, मुलांना आठवडाभर वापरू द्या, आणि निवड त्यांनाच करू द्या.