चाकामागचा माणूस – लेखांक ९ : अपघातानंतरचा महिना

२९ नोव्हेंबर २०२०, रविवार. बहरीनमधल्या सखीरच्या वाळवंटात फॉर्म्युला वनची शर्यत नुकतीच सुटली होती. पहिला फेराही पुरा झाला नव्हता. हास संघाच्या रोमाँ ग्रोजाँची गाडी डॅनिल क्व्यातच्या गाडीला घासली आणि ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली. गाडीचे दोन तुकडे झाले. पुढचा भाग ग्रोजाँसकट कठडा फाडून आत रुतला आणि इंधनाने पेट घेतला. त्या आगीत तो २७ सेकंद होता. डावा पाय अडकलेला. शेवटी बूट आतच सोडून त्याने पाय ओढून काढला आणि पेटलेल्या गाडीवर हात टेकून तो वर आला. वैद्यकीय गाडीतले डॉ. इयन रॉबर्ट्स तोवर ज्वाळांपर्यंत पोहोचले होते. तीन दिवसांनी दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेला ग्रोजाँ रुग्णालयातून बाहेर पडला.

ट्रक ड्रायव्हरांवरच्या लेखमालेत शर्यतीच्या गाडीचं काय काम, असं वाटेल. पण सखीर बहरीनची राजधानी मनामाच्या दक्षिणेला, गाडीने अर्ध्या तासावर. ज्या बेटावर हा ट्रॅक आहे त्याच बेटावर अ‍ॅल्युमिनियमचा प्रचंड कारखाना आहे, बंदर आहे आणि १९८६ साली खुला झालेला, सौदीला जोडणारा २५ किलोमीटरचा किंग फहद सेतू आहे. या मालाची ने-आण ट्रेलर करतात आणि ट्रेलरच्या स्टिअरिंगवर बहुतेक परदेशी माणूस असतो. कोकणातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा, एखादा काका आखातात हेवी गाडी चालवतो. शर्यतीत मोजून वीस गाड्या होत्या आणि जग बघत होतं. ट्रेलरवाल्याचा अपघात होतो तेव्हा बघणारं कोणी नसतं, आणि नंतर त्याच्या डोक्यात काय चाललंय ते विचारणारंही नसतं. ग्रोजाँने मात्र स्वतःच्या डोक्यात काय चाललं होतं ते पुन्हा पुन्हा, लाज न बाळगता सांगितलं. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

त्याने सांगितलं ते असं. डोळ्यांपुढे सगळं नारिंगी झालं. सूर्यास्त झाला की काय, ट्रॅकचे दिवे का, असं त्याला क्षणभर वाटलं. मग आग दिसली. वर उठायचा प्रयत्न फसला, उजवीकडे फसला, डावीकडे फसला. तेव्हा अंग सैल पडलं आणि एक विचित्र शांतता आली. समोर आलेल्या मृत्यूला त्याने एक नावसुद्धा दिलं होतं, ‘बेनोआ’. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. मग मुलं आठवली आणि तो पुन्हा धडपडला. पुढे त्याने मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली आणि तेही उघडपणे सांगितलं.

आता हेच सगळं ट्रेलरच्या केबिनमध्ये आणा. टक्कर झाली, काच फुटून अंगावर आली, समोरच्या मोटारसायकलवरचा माणूस गेला. ड्रायव्हरला खरचटण्यापलीकडे काही नाही. पोलीस विचारतात, वेग किती होता. मालक विचारतो, गाडी किती बसली. विमावाला विचारतो, लायसन्स चालू होतं का. घरचे विचारतात, तू बरा आहेस ना. तो म्हणतो, बरा आहे. हाडं शाबूत आहेत, म्हणून सगळ्यांचं समाधान होतं. चौथ्या दिवशी फोन येतो : दुसरी गाडी उभी आहे, लोड भरलाय.

त्या चार दिवसांत शरीरात काय झालेलं असतं ते समजून घेऊ. धोका दिसला की मेंदूतला भीतीचा भाग विचार करणाऱ्या भागाच्या आधी जागा होतो. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, वेळ लांबल्यासारखा वाटतो, आवाज कधी मोठे तर कधी बंद होतात. जीव वाचवायला ही व्यवस्था उत्तम आहे, पण या गडबडीत आठवण नीट नोंदली जात नाही. केव्हा, कुठे, कशानंतर काय, हा तपशील सुटतो. चित्र, वास आणि आवाज तेवढे उरतात. बिल्टी नसलेला माल कुठल्याच गोदामात उतरवून घेत नाहीत आणि तो गाडीतच फिरत राहतो, तशी ती आठवण फिरत राहते. जळक्या रबराचा वास आला की हजर. कोणी करकचून ब्रेक मारला की हजर. आणि ती ‘तेव्हा झालं’ म्हणून येत नाही, ‘आत्ता होतंय’ म्हणून येते.

एसटीत खिडकीशी बसलेला एखादा माणूस, समोर गाडी आडवी आली की उजवा पाय जमिनीवर दाबतो. पोटरी ताठ होते, हात पुढच्या सीटच्या दांडीवर जातो. ब्रेक तिथे नाही, हे त्याला ठाऊक असतं. पाय ऐकत नाही. नेहमीचा रस्ता टाळून लांबचा धरणं, रात्री दोनला दचकून उठणं, पोरांवर खेकसणं, पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात न रमणं, ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणं. पहिल्या महिन्यात ती असणं स्वाभाविक आहे. बहुतेकांची हळूहळू ओसरतात. महिना उलटूनही ती तशीच राहिली आणि काम, झोप, घर यांत आडवी येऊ लागली, तर डॉक्टर त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात तो पहिल्यांदा नोंदला गेला, तेव्हा चर्चा व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची होती. रस्त्यावरच्या अपघातानेही तो होतो, हे आज कोणी नाकारत नाही. आपल्याकडे माणूस धसका घेतो हे घरातल्या म्हाताऱ्यांना पूर्वापार माहीत होतं. दृष्ट काढून त्याला गाडीवर परत पाठवायचे, एवढाच उपाय त्यांच्या हाती होता.

महिनाभरात काय करावं आणि काय करू नये, यावर अभ्यास झाले आहेत आणि त्यातला एक सर्वांच्या समजुतीच्या उलट आहे. झालेलं सगळं लगेच ओकून टाकलं की मन हलकं होतं, असं आपण मानतो. ऑक्सफर्डमध्ये रस्ते अपघातातल्या जखमींपैकी काहींना सुरुवातीलाच बसवून सगळा प्रसंग तपशिलात सांगायला लावला, काहींना नाही. तीन वर्षांनी पाहिलं तर ज्यांना बोलायला लावलं ते जास्त त्रासात होते. सुरुवातीला ज्यांची लक्षणं तीव्र होती त्यांचं तर फारच वाईट झालं होतं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. म्हणून ढाब्यावर दहा जणांनी घेरून ‘सांग, सांग, कसं झालं’ म्हणणं, व्हॉट्सअ‍ॅपवर अपघाताचा व्हिडिओ त्यालाच पाठवणं, हे प्रेमापोटी असलं तरी थांबवायला हवं. त्याला बोलावंसं वाटलं तर ऐकावं. नाही वाटलं तर शेजारी बसावं, जेवू घालावं, झोपू द्यावं.

दुसरा अभ्यासही ऑक्सफर्डचाच, २०१७चा, आणि मला तो फार आशादायक वाटतो. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात वाहन अपघातातून आलेल्या ७१ जणांवर तो झाला. त्यांतल्या काहींना अपघातानंतर सहा तासांच्या आत, सगळ्यात भयंकर चित्र क्षणभर आठवायला लावून, मग वीसेक मिनिटं टेट्रिस हा रंगीत ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांना अचानक डोळ्यांपुढे येणारी चित्रं इतरांच्या निम्म्याहूनही कमी दिसली. ठोकळे मनातल्या मनात फिरवण्यात मेंदूचा जो भाग गुंततो, तोच चित्रं पक्की करायलाही लागतो, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. अभ्यास लहान आहे आणि पहिल्या आठवड्यापुरता आहे. हा इलाज आहे असं कोणी समजू नये. पण पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून असलेल्या ड्रायव्हरच्या हातात असं काही द्यायला खर्च शून्य आहे.

दारूबद्दल स्पष्ट सांगतो. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते आणि त्या रात्री न आलेली चित्रं पुढच्या रात्री येतात. झोपेच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊन दुसऱ्या दिवशी गाडी हाणणं तर दुसऱ्या अपघाताला आमंत्रण आहे. खरा उपचार मनाला हळूहळू, तज्ज्ञाच्या सोबतीने त्या आठवणीजवळ नेण्याचा असतो. तो साधारण दोन-तीन महिन्यांत होतो, लागलंच तर डॉक्टर औषधं देतात.

सगळ्यात अवघड भाग अपराधाचा आहे. भीती ओसरते, ‘माझ्यामुळे माणूस गेला’ हे ओसरत नाही. आणि आपली व्यवस्था ते ओसरू देत नाही. पंचनामा बहुतेक एकाच वाक्यावर येऊन थांबतो : चालकाच्या निष्काळजीपणामुळे. सखीरच्या अपघातानंतर जागतिक मोटारस्पर्धा महासंघाने चौकशी केली आणि मार्च २०२१मध्ये निष्कर्ष मांडले. कठडा का फाटला, हातमोजे किती टिकले, आग कशी विझवावी, हे सगळं त्यात होतं. ग्रोजाँने गाडी आडवी घातली, एवढ्यावर कोणी वही मिटली नाही. ट्रकच्या अपघातात आपण असं कधी विचारतो? १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच दिवसाला आठ तास ठरवले होते. ड्रायव्हर किती तास जागा होता, ब्रेकची शेवटची तपासणी केव्हा झाली, उताराला रस्ता कसा होता, माल किती जादा होता, हे प्रश्न विचारले गेले तर दोषी ड्रायव्हर सुटणार नाही, पण ज्याचा दोष दहा आणे आहे तो सोळा आणे डोक्यावर घेऊन जगणार नाही.

आणि पळून जाणं. पुण्याच्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली, चालक पळाला, पुढे पकडला गेला. जानेवारी २०२४मध्ये देशभर ड्रायव्हर संपावर गेले, कारण नव्या न्यायसंहितेच्या कलम १०६(२)मध्ये पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. ते कलम अजून लागू केलेलं नाही. संपावरच्या माणसांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारेल. हे खोटं नाही. पण पळालेल्याच्या मनाचं काय होतं, ते या वादात हरवलं. त्याच्यासाठी अपघात कधी संपतच नाही. रुग्णवाहिका आली, कोणी उचललं, कोणी वाचलं, यातलं काही तो पाहत नाही. त्याची आठवण सगळ्यात भयंकर क्षणावर गोठते. जमावापासून ड्रायव्हरला वाचवणं हे कायदा-सुव्यवस्थेचं काम आहेच, त्याच्या मनाच्या उपचाराची पहिली पायरीही तीच आहे.

आखातात या सगळ्यावर परकेपणाची भर. लेबर कॅम्पच्या खोलीत सहा जण, त्यांतले दोघे रात्रपाळीचे. रडायलाही जागा नाही. प्रकरण मिटेपर्यंत अनेकदा देश सोडता येत नाही. पगार कापतील, माघारी धाडतील ही धास्ती. व्हिडिओ कॉलवर आईला हसून दाखवायचं आणि भावाला बजावायचं, घरात बोलू नकोस. असा भाऊ हा लेख वाचत असेल तर त्याने घरातल्या निदान एकाला सांगावं, आणि तिथल्याला भारतीय दूतावासाच्या ओपन हाऊसला, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या खुल्या बैठकीला, जायला लावावं. दूतावासात केवळ पासपोर्टच्याच अडचणी सांगायच्या असतात असं नाही. इथे असलेल्यांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून चालू आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. कोकणातल्यांना रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या फाटकातून आत जाताना कोणी पाहील म्हणून माणसं मागे फिरतात. कंबर धरली म्हणून हाडवैद्याकडे जाताना कोणी लपत नाही.

पुन्हा गाडीवर केव्हा बसायचं? ग्रोजाँ अपघाताच्या आठवड्यातच सखीरच्या ट्रॅकवर परतला, पण गाडी चालवायला नव्हे. ज्यांनी त्याला बाहेर यायला मदत केली त्यांना भेटायला. त्याच्या जागी पिएत्रो फिट्टिपाल्डी धावला. पुढे फेब्रुवारीत त्याने अमेरिकेत इंडीकार या शर्यतमालिकेची गाडी चालवून पाहिली. तिथल्या अंडाकृती ट्रॅकवर गाड्या फार वेगाने भिंतीलगत धावतात. तिथे उतरणार नाही, असं त्याने घरच्यांसाठी आधीच सांगून टाकलं होतं आणि संघाने ते मानलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो तिथेही उतरला, स्वतःहून. हा क्रम ट्रान्सपोर्टवाल्याला परवडणारा नाही असं म्हणतील. मला ते पटत नाही. आधी रिकामी गाडी यार्डात, मग दिवसा, जवळचं भाडं, शेजारी जुना जाणता ड्रायव्हर, मग जिथे अपघात झाला तो रस्ता दुसऱ्याच्या गाडीत बसून, आणि रात्रीची लांब फेरी सगळ्यात शेवटी. यात चार-सहा आठवडे जातात. घाबरलेल्या माणसाला चौथ्या दिवशी घाटात पाठवून पुन्हा टक्कर झाली, तर त्याहून कितीतरी महाग पडतं.

पैशाचा प्रश्न खरा आहे. १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तक्त्यात हात, पाय, बोटं, डोळे यांची टक्केवारी लिहिलेली होती, मनाची नव्हती. फेरीवर पगार असलेला माणूस महिनाभर घरी बसला तर चूल कशी पेटेल, याचं उत्तर कुठल्याही डॉक्टरकडे नाही. ते संघटनांनी आणि मालकांनी मिळून शोधायचं आहे. माणूस दगावलेल्या प्रत्येक अपघातानंतर ड्रायव्हरला निदान पंधरा दिवस भरपगारी सुट्टी आणि महिन्याच्या शेवटी मानसोपचारतज्ज्ञाची एक भेट, एवढी अट मालवाहतुकीच्या करारांत घालावी, अशी माझी मागणी आहे. कोर्टाच्या प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री त्याला एकटं फेरीवर पाठवू नये, हीसुद्धा. तारखेला सगळं पुन्हा उघडतं. अपघाताला तीन वर्षं झाली असली तरी उघडतं.

पुढच्या आठवड्यात : शेजारच्या सीटवरचा क्लीनर. पंचनाम्यात त्याचं नाव साक्षीदार म्हणून येतं, विम्यात बहुधा येतच नाही.