निकालाच्या आलेखात कोकण नागपूरच्या अडीचपट उंच कसा? एक्सेलचे अक्ष आणि ग्रिडलाइन्स असे करा नीट

दहावीचा निकाल जाहीर झाला की तासाभरात शाळांच्या, क्लासेसच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विभागवार आलेख फिरू लागतात. २०२५ मध्ये कोकण विभागाचा निकाल सर्वाधिक म्हणजे ९८.८२ टक्के लागला, तर नागपूरचा सर्वांत कमी, ९०.७८ टक्के. फरक आठ टक्क्यांहून किंचित जास्त. पण हेच आकडे एक्सेलमध्ये भरून, काहीही न बदलता स्तंभालेख काढला तर कोकणचा स्तंभ नागपूरच्या अडीचपटीहून उंच दिसू शकतो. यात एकही आकडा चुकलेला नसतो. तरी आलेख पाहणाऱ्या नागपूरच्या पालकाला वाटतं, आपल्याकडे निम्मी मुलं नापास झाली की काय!

शून्य गेलं कुठे?

उभा अक्ष कुठून सुरू करायचा, हे एक्सेल स्वतः ठरवतं. सर्व आकडे शून्याहून मोठे असतील आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक षष्ठांशापेक्षा कमी असेल, तर ते शून्य सोडून वरूनच सुरुवात करतं. निकालाच्या टक्केवारीत नेमकं हेच होतं. समजा अक्ष ८६ पासून सुरू झाला. मग नागपूरच्या स्तंभाची उंची उरते ४.७८ आणि कोकणची १२.८२. कुणी हाताने ती सुरुवात ९० केली, तर कोकण थेट अकरापट!

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. उभ्या अक्षावरच्या आकड्यांवर राइट क्लिक करा आणि ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’ निवडा. उजवीकडे उघडणाऱ्या चौकटीत ‘बाउंड्स’खाली ‘मिनिमम’मध्ये ० आणि ‘मॅक्सिमम’मध्ये १०० लिहा. आता सगळे स्तंभ जवळपास सारखे दिसतील. आलेख कंटाळवाणा वाटेल, पण निकालही जवळपास सारखेच आहेत.

मग फरक दाखवायचाच नाही का? दाखवा, पण रेषालेखात. स्तंभात डोळा उंची मोजतो, रेषेत चढ-उतार. राज्याचा दहावीचा निकाल २०२२ मध्ये ९६.९४, २०२३ मध्ये ९३.८३, २०२४ मध्ये ९५.८१ आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के होता. हा प्रवास ९० ते १०० अशा अक्षावर रेषेने दाखवण्यात काही गैर नाही. फक्त अक्ष ९० पासून सुरू होतो, हे शीर्षकाखाली लिहा. शाळेत आलेख कागदावर अशा वेळी अक्षाच्या मुळाशी नागमोडी खूण करायचो. एक्सेलमध्ये त्यासाठी तयार बटण नाही.

रेषा किती हव्यात?

आधी एक गोंधळ दूर करू. ‘व्ह्यू’ टॅबमधली ‘ग्रिडलाइन्स’ची खूण काढली की शीटवरच्या चौकटी जातात, आलेखातल्या रेषा नाही. त्यासाठी आलेखावर क्लिक करून बाजूला येणाऱ्या अधिकच्या चिन्हावर जा. तिथे ‘ग्रिडलाइन्स’मध्ये आडव्या-उभ्या, मुख्य-दुय्यम असे पर्याय आहेत. स्तंभालेखाला फक्त मुख्य आडव्या पुरतात. दुय्यम रेषांनी आलेखाचा पंचा होतो.

दोन रेषांमधलं अंतर मात्र याच यादीत शोधू नका. ते ठरतं पुन्हा ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’मध्ये, ‘युनिट्स’खालच्या ‘मेजर’मध्ये. तिथे २० लिहिलं की ०, २०, ४० अशा रेषा येतात. रंग फिका राखाडी ठेवा. प्रत्येक स्तंभावर आकडा लिहिलेला असेल तर माझ्या मते रेषा काढूनच टाकाव्यात. एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची?

अक्षावर २०.००, ४०.०० असं दिसतंय? अक्ष आकड्यांची ठेवण शीटमधून उचलतो. त्याच चौकटीत खाली ‘नंबर’मध्ये दशांश स्थळं शून्य करा. रकमांचा आलेख असेल आणि अक्षावर शून्यांची माळ लागत असेल, तर शेजारच्या रकान्यात रकमेला १,००,००० ने भागा, त्या रकान्यावरून आलेख काढा आणि अक्षाला ‘लाख रुपये’ असं नाव द्या.

तिरकी नावं, स्तंभ झालेली वर्षं

राज्य मंडळाचे विभाग नऊ. त्यात ‘छत्रपती संभाजीनगर’ आलं की एक्सेल जागेअभावी सगळीच नावं तिरकी करून टाकतं. अक्षरांचा आकार कमी करत बसण्यापेक्षा आडवा स्तंभालेख निवडा, म्हणजे ‘इन्सर्ट’मधला ‘बार’. नावं सरळ वाचता येतात. मात्र इथे यादीतलं पहिलं नाव सर्वांत खाली जातं. नावांच्या अक्षावर राइट क्लिक करून ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’वर खूण करा. त्याने आकडे वर सरकतील. ते खाली आणायला तिथेच ‘अ‍ॅट मॅक्सिमम कॅटेगरी’ निवडा.

दुसरी नेहमीची तक्रार वर्षांची. २०२२, २०२३ हे एक्सेलच्या लेखी साधे आकडेच. त्यामुळे अक्षावर १, २, ३, ४ येतं आणि वर्षांचेच दोन हजारी स्तंभ उभे राहतात. त्यांच्याशेजारी ९४ टक्के दिसणार कसे? यावर सोपी युक्ती म्हणजे आलेख काढण्यापूर्वी ‘वर्ष’ हे शीर्षक असलेला डावीकडचा पहिला रकाना रिकामा ठेवायचा. आलेख आधीच काढला असेल तर ‘सिलेक्ट डेटा’मध्ये जाऊन वर्षांची मालिका काढा आणि ‘हॉरिझॉन्टल अ‍ॅक्सिस लेबल्स’मध्ये ‘एडिट’ करून वर्षांचे रकाने निवडा.

नफा-तोट्याच्या आलेखात महिन्यांची नावं उलट्या स्तंभांवर चढत असतील, तर ‘लेबल्स’मध्ये ‘लेबल पोझिशन’ ‘लो’ करा. नावं तळाशी जातात.

गुगल शीट्समध्ये आलेखावर डबल क्लिक करून ‘कस्टमाइझ’मध्ये जा. शून्य ते शंभर ‘व्हर्टिकल अ‍ॅक्सिस’मध्ये, रेषा ‘ग्रिडलाइन्स अँड टिक्स’मध्ये. वर्षांसाठी ‘हॉरिझॉन्टल अ‍ॅक्सिस’मध्ये ‘ट्रीट लेबल्स अ‍ॅज टेक्स्ट’ अशी खूणच दिलेली आहे. आलेख ग्रुपवर टाकण्याआधी एकदा फोनवर उघडून पाहा. संगणकावर ठीक दिसणारी अक्षाची अक्षरं तिथे मुंगीएवढी होतात.