सीईटीच्या गणितातले 108 सेकंद

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशांसाठी एमएचटी-सीईटी परतली ती 2016 मध्ये. त्याआधीची दोन वर्षे जेईई मेनच्या गुणांना बारावीच्या गुणांची जोड देऊन प्रवेश झाले होते. तिथे बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा, आणि 3 तासांत तीन विषयांचे मिळून 90 प्रश्न. सीईटीने गणिताला स्वतंत्र 90 मिनिटे दिली: 2 गुणांचा एक असे 50 प्रश्न, आणि चुकल्यास काहीही वजा नाही. प्रत्येक प्रश्नाच्या वाट्याला 108 सेकंद आले. वेळेचा हिशेब जेईईच्या जवळपासचाच. पेपर सोडवायची रीत मात्र बदलली.

जेईईच्या क्लासमध्ये ‘येत नसेल तर सोडून द्या’ हा ठरलेला सल्ला. खरे तर चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी सरासरीने पाव गुण पदरात पडतो, आणि एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर दोन तृतीयांश. सल्ल्यामागे असते ती नशिबाच्या चढउताराची भीती. सीईटीत त्या भीतीला जागाच नव्हती. कोरा सोडलेला प्रश्न हा निव्वळ तोटा.

मग वेग आणायचा कुठून? अभ्यासक्रमात बारावीचा भार सुमारे 80 टक्के, अकरावीचा 20. तर्कशास्त्राचे प्रश्न सत्यता सारणीने मिनिटाच्या आत सुटतात. संकलन मात्र वेळ खाते. म्हणून पहिल्या फेरीत पटकन सुटणारे, दुसऱ्या फेरीत लांबलचक, ही पद्धत रूढ झाली. संकलनातही गुणधर्म ओळखता आला तर आकडेमोड वाचते. √x भागिले (√x + √(7−x)) याचे 2 ते 5 या मर्यादांमधले संकलन काढायचे असेल, तर x च्या जागी 7−x ठेवून दोन्ही रूपांची बेरीज केली की 3 उरतात; उत्तर त्याच्या निम्मे, 3/2. अनिश्चित संकलनात पर्यायांचेच विकलन करून पाहणे अनेकदा सोपे पडते. इथे वेग आणि अचूकपणा एकाच ओळखीतून येतात. नुसता हात जलद चालवून दोन्ही बिघडतात.

2019 पासून परीक्षा संगणकावर गेली. गोल रंगवण्याचा वेळ वाचला, एक ओळ चुकून पुढची सगळी उत्तरे सरकण्याचा धोका संपला. त्याऐवजी पडद्यावरचे समीकरण कच्च्या कागदावर उतरवताना चिन्ह बदलण्याची चूक आली, आणि सराव पेपर तपासताना ती ‘सिली मिस्टेक’ म्हणून खपवली जाऊ लागली. संकल्पनेची चूक, आकडेमोडीची चूक, उतरवण्याची चूक अशी वेगळी नोंद ठेवणाऱ्यालाच तिचा खरा वाटा कळतो.

त्याच वर्षी अनेक सत्रांमुळे गुणांऐवजी पर्सेंटाइल आले. तुलना आपल्या सत्रातल्या विद्यार्थ्यांशी होऊ लागल्याने ‘इतके प्रश्न सुटले म्हणजे पुरे’ हा जुना आडाखा निकामी झाला. अवघड सत्रात कमी गुणांवरही वरचे पर्सेंटाइल मिळू शकते. सोप्या सत्रात मात्र दोन-तीन निष्काळजी चुका महागात पडतात.